लोरिंत्सच्या वाट्याची भाकर

ईस्टरच्या प्रभुभोजनाची भाकर यंदा पिरोश्काच्या घरची होती.

कोवेशफाल्वा या डोंगरगावात ही पाळी कुणी ठरवून देत नाही. टेकडीवरच्या घरांपासून ओढ्याकाठच्या घरांपर्यंत ती आपली फिरत येते. ज्याच्या दारात येईल त्यानं पांढऱ्या गव्हाच्या भाकरी भाजून द्यायच्या, द्राक्षारसाची बुधली द्यायची. मग पाळक व्यासपीठावरून त्या घराचं नाव घेतात, बायका माना वळवून बघतात आणि घरधन्याची छाती फुगते. या घराला धनी उरला नव्हता. पिरोश्काच्या नवऱ्याला, आरोनला, जाऊन दोन हिवाळे झाले होते. तरी पाळी आलीच.

"आरोनच्या घरची म्हणू की तुझ्या?" केलेमेन पाळकांनी सोमवारी सकाळी दारात उभं राहून विचारलं. टोपी हातात, बूट चिखलानं माखलेले.

"आरोनच्या म्हणा. तो असता तर माझं नाव घेतलं असतंत होय?"

पाळक हसले, आत येऊन बाकावर टेकले. तिची लेक शारी रांगत गेली आणि त्यांच्या बुटाची नाडी तोंडात घालून बसली. बाप गेला तेव्हा ती पोटात होती, आता चार पावलं टाकायला लागली होती, पण घाई असली की अजून रांगायची. पाळकांनी हवापाण्याचं विचारलं, गाईचं विचारलं, सासूच्या गुडघ्यांचं विचारलं. पिरोश्कानं सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाली, "आता बोला पाळकसाहेब. नाहीतर पोरगी तुमचा बूट संपवेल."

"लोरिंत्स आला होता माझ्याकडे."

दुधाच्या पातेल्यातली पळी फिरायची थांबली.

"दारू सोडलीय त्यानं. ईस्टरला प्रभुभोजनाच्या मेजाशी यायचं म्हणतो."

"येऊ दे की. मेज काय माझं आहे?"

"मेज तुझं नाही. पण ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्या दारी आधी जायचं, मग मेजाशी यायचं, हे तुलाही माहीत आहे. या आठवड्यात तो तुझ्याकडे येईल. मी म्हटलं, आधी कानावर घालावं."

लोरिंत्स आणि आरोन जंगलात एकत्र काम करायचे. बर्फातून ओंडक्यांची घसरगाडी उतरवायची असली की पुढचा माणूस दांडे धरून गाडी वळवतो आणि मागचा साखळी धरून तिला रोखतो. त्या दिवशी पुढे आरोन होता आणि मागे लोरिंत्स. लोरिंत्सच्या पोटात सकाळपासून आलुबुखाराची दारू होती, हे पूर्ण गावाला माहीत होतं. गाडी सुटली आणि आरोनला घेऊन दरीच्या तळाशी गेली. पोलीस आले, बर्फ बघून गेले. आणि मूठमाती देताना लोरिंत्स रडत रडत म्हणाला, "देवाची मर्जी. त्याच्या इच्छेवाचून डोक्यावरचा केसही गळत नाही." झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. इथलं प्रत्येक पोर दात पडायच्या वयात हे पाठ करतं. पिरोश्कानंही केलं होतं, म्हणून तर ते तिला इतकं झोंबलं. हात निसटला म्हणाला असता, प्यायलो होतो म्हणाला असता, तर तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकली असती आणि कदाचित कधीतरी थांबलीही असती. त्यानं आरोनचं मरण देवाच्या अंगावर घातलं आणि मोकळ्या हातांनी घरी गेला.

"पाळकसाहेब, एक विचारू? ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला का?"

केलेमेन पाळकांनी नाडी शारीच्या तोंडातून सोडवली. "देवानं निवडलेल्यांसाठी मेला, असं आपण मानतो."

"लोरिंत्स आहे त्यांच्यात?"

"ती निवड जग व्हायच्या आधी झालीय, पिरोश्का. तेव्हा मला कुणी विचारायला आलं नव्हतं."

"आणि कुणी पाप पोटात ठेवून ती भाकर खाल्ली तर?"

"तर त्यानं स्वतःवरचा निवाडा खाल्ला. म्हणून तर लोरिंत्स घाबरलाय. दोष कबूल केल्याशिवाय मेजाशी जायची त्याची छाती होत नाही."

पाळक गेले. पिरोश्कानं शारीचं तोंड पुसलं, तिला मांडीवर घेतलं, कोमट दुधात पाव कुस्करून एकेक घास भरवला. पोर घासागणिक तिच्या गालावर थापट्या मारत होती. म्हणजे लोरिंत्सची तारणाकडची वाट आपल्या उंबऱ्यावरून जाते तर. आणि उंबरा आपला आहे.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं, दार लावून घ्यावं. पण मग तो म्हणेल, मी गेलो होतो, तिनंच घेतलं नाही. गाव म्हणेल, बिचाऱ्यानं आपलं काम केलं. तो दारातूनच हलका होऊन परत जाईल. नाही. त्याला आत घ्यायचं आणि ते पाप त्याच्या घशातून बाहेर येऊ द्यायचं नाही. मग रविवारी त्यानं आरोनच्या घरची भाकर खायची, तशीच, सगळं पोटात ठेवून.

"आ कर," ती शारीला म्हणाली. शारीनं आ केला.

*

गुरुवारी दुपार कलताना लोरिंत्स आला. तिनं त्याला एवढ्या जवळून दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. केस पांढरे झाले होते, मान कॉलरमध्ये सैल पडली होती. दारूचा वास नव्हता. तो उंबऱ्यापाशी टोपी फिरवत उभा राहिला.

"या, लोरिंत्सकाका. बाहेर का उभे?"

"काका" ऐकून तो दचकलाच. तिनं खुर्ची सरकवली, दुधाचा पेला पुढे केला. शारी झोपलेली होती म्हणून ती हळू बोलत होती. हळू आवाजात सगळं किती गोड वाटतं, हे तिचं तिलाच कळत होतं.

"पिरोश्का, मी... आता दोन वर्षं झाली..."

"दूध घ्या आधी. गार होतंय."

त्यानं घेतलं. पेला खाली ठेवला. "त्या दिवशी वर, वळणापाशी..."

"त्या दिवशी देवाची मर्जी होती," पिरोश्का म्हणाली.

त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली.

"तुम्हीच म्हणालात ना कबरीपाशी? मला तेव्हा नाही पटलं. आता पटलंय. त्याच्या इच्छेवाचून केसही गळत नाही, मग एवढी मोठी गाडी कशी सुटेल?"

"मी म्हणालो खरं. पण साखळी..."

"साखळी देवाच्या हातात होती, काका. तुम्ही तुमच्या हाताचं काय घेऊन बसलात? त्यानं जग करायच्या आधी ठरवलेलं, ते तुम्ही थोडंच मोडणार होतात?" शारीच्या पाळण्याला तिनं एक झोका दिला. "माझं तुमच्याकडे काही नाही. रविवारी या मेजाशी. भाकर माझ्या हातची आहे. पोटभर खा."

प्रभुभोजनाची भाकर कुणी पोटभर खात नाही. नखाएवढा तुकडा असतो. लोरिंत्सनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कुणी थोबाडीत मारावी तसा त्याचा चेहरा झाला होता. उठला, जाताना दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं, तरी थांबला नाही.

पिरोश्का खिडकीतून त्याला ओढ्यापर्यंत बघत राहिली. किती दिवसांनी तिला भूक लागली. तिनं उभ्या उभ्या थंड कोबी खाल्ला, पातेलं पुसून खाल्ला.

*

शनिवारी सकाळी सासू आली. बोरिशबाई ओढ्यापलीकडे थोरल्या लेकाकडे राहायची, पण पाळीच्या भाकरीला ती असायचीच. तिनं आल्या आल्या आंबवणाचा वास घेतला, पीठ चिमटीत धरून बघितलं, भट्टीत हात घालून ओढला आणि म्हणाली, "बरं आहे."

"बरं आहे म्हणजे?"

"म्हणजे माझ्यासारखं नाही. पण देवाला चालेल."

दोघी काथवटीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. शारी खाली पिठाच्या गोळ्याशी खेळत होती, थोडा फरशीवर थापत होती, थोडा खात होती.

"लोरिंत्स येऊन गेला म्हणे," बोरिशबाई म्हणाली.

"आला होता."

"मग?"

"मग काय. गेला."

"काय म्हणाला?"

"काही नाही, आई."

"काहीच नाही?" म्हातारीचे हात पिठातच राहिले. "आरोन शेवटी काय बोलला, तेही नाही?"

पिरोश्कानं वर पाहिलं नाही.

"मी आजवर त्याला विचारलं नाही. पिऊन असायचा, काय विचारणार? दारू सुटली म्हणतात, तेव्हा वाटलं, माफी मागायला जाईल तेव्हा आपोआप सांगेल. तिथे दुसरं होतं कोण? काहीतरी ओरडला असेलच ना गं माझा पोरगा. कुणाला हाक मारली त्यानं? मला, तुला, कुणाला?"

पिरोश्का पीठ मळत राहिली. लोरिंत्सचं तोंड आपण इतक्या सफाईनं बंद केलं, पण आरोनचा शेवटचा शब्द त्याच तोंडात होता, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं गोळा उचलला आणि काथवटीत आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला.

"अगं, किती मारशील? भाकर आहे ती, नवरा नव्हे," बोरिशबाई म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून दोघींना हसू फुटलं. मग म्हातारी हसता हसता एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली.

तरी पिरोश्का मागे हटली नाही. आपणही त्याच मेजाशी जाणार आहोत, आपल्याही पोटात काहीतरी आहे, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण त्याचंही उत्तर तिनं तयार ठेवलं होतं: देवाला सगळं आधीपासून ठाऊक असेल, तर हा रागही ठाऊक असेल, त्यानंच दिला असेल. आपण हे कुणाचं वाक्य बोलतोय, याकडे तिनं लक्ष दिलं नाही. फळीवरून एकेक भाकर भट्टीत सरकवताना ती ओठांतल्या ओठांत एवढंच म्हणत होती: खा, लोरिंत्स. खा.

बोरिशबाईला वाटलं, सून प्रार्थना करतेय.

*

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका. मध्ये मेज, त्यावर पांढरं कापड, कापडाखाली भाकरी. पाळकांनी आरोनच्या घराचं नाव घेतलं तेव्हा बायकांच्या माना वळल्या आणि बोरिशबाईनं आपली मान ताठ केली. मग नेहमीचा इशारा झाला. ज्याच्या मनात लबाडी आहे, ज्यानं शेजाऱ्याशी समेट केला नाही, त्यानं जपून असावं, कारण तो खाईल ते स्वतःच्या नाशासाठी खाईल. पिरोश्कानं शारीला मांडीवर घट्ट धरलं आणि समोर, उजवीकडच्या पाचव्या बाकाकडे पाहिलं. लोरिंत्स मान खाली घालून बसला होता.

आधी पुरुष उठतात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. म्हातारा मोझेश काठी टेकत गेला, तुकडा खाऊन मेजाला वळसा घालून परत आला. त्याच्यामागून बाकीचे. पिरोश्का एकेक डोकं सोडून देत होती. मग लोरिंत्स उठला.

तो मेजापाशी पोचला. त्यानं तळहात पुढे केला. पाळकांनी तुकडा उचलला. पिरोश्का नकळत बाकाच्या कडेला सरकली होती. शारी कुरकुरली, इतकं तिनं तिला आवळलं होतं.

लोरिंत्सनं हात मागे घेतला.

"नको," तो म्हणाला. पाळकांना नीट ऐकू गेलं नसावं, त्यांनी तुकडा आणखी पुढे केला. "नको, पाळकसाहेब. मला बोलायचंय."

तो लोकांकडे तोंड करून उभा राहिला. "आमच्या आज्यापणज्याच्या काळात पाप केलेल्या माणसाला इथे उभं करायचे, सगळ्यांसमोर. मला कुणी उभं केलेलं नाही. मीच उभा आहे." टोपी नव्हती तरी त्याची बोटं टोपी फिरवत होती. "मी इतके दिवस एकच बोलत आलो. देवाची मर्जी. रात्री झोप यायची त्यावर. गुरुवारी पिरोश्काकडे गेलो, तर मी काही बोलायच्या आत तिनं तेच मला ऐकवलं. गोड आवाजात. पोराला पाजावं तसं. आणि मला ते ऐकवेना. ज्या बाईचा नवरा गेला ती म्हणते की साखळी देवाच्या हातात होती. साखळी देवाच्या हातात नव्हती. माझ्या हातात होती. मी प्यायलो होतो, पाय सरकला, वाटलं गाडी आपल्यालाही ओढून नेईल, आणि मी सोडली. धरता आली असती. मी सोडली."

त्यानं बायकांच्या बाजूला हात केला.

"हे मला कुणी दाखवलं नसतं. तिनं दाखवलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी पुन्हा देवाच्या मागे लपलो असतो. असलं मोठं मन मी कुणाचं पाहिलं नाही. आज मी खाणार नाही. पण देव तिचं भलं करो."

तो जाऊन बाकावर बसला. आणि सगळं चर्च डावीकडे वळलं. पुढच्या बाकावरच्या दोघी तर रडतच होत्या. बोरिशबाईनं सुनेचा हात धरला आणि दाबला. पाळकांचे डोळे भरून आले होते.

पिरोश्काला वाटलं, आपल्याला भरदिवसा लुटलं. तिनं विष कालवलं होतं आणि त्या माणसानं ते औषध म्हणून घेतलं होतं. त्याला बरंही वाटलं होतं. आणि हे लोरिंत्सच्या डोक्यातून आलेलं नाही, तेवढी अक्कल त्याला नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. वर बसलेल्यानं तिचा सूडसुद्धा आपल्या कामाला लावला होता. विचारलंही नव्हतं. तिच्याजवळ स्वतःची म्हणून तेवढी एकच गोष्ट उरली होती.

उरलेल्या पुरुषांचं झालं. आता बायका, आणि बायकांत पहिली पाळीच्या घरची. सगळे थांबले होते. जायचं, तुकडा घ्यायचा, मान खाली घालून परत यायचं. गाव जन्मभर तिला देवमाणूस म्हणेल. लोरिंत्स तिला दुवा देत मरेल.

ते तिला सहन होईना.

ती शारीला कडेवर घेऊन उभी राहिली, पण बाकाबाहेर पडली नाही. "पाळकसाहेब, मी त्याला तारायला नव्हते बोलले."

"पिरोश्का, बाळा..."

"तो कबूल करायलाच आला होता. मी त्याला करू दिलं नाही. तसाच येईल, माझी भाकर खाईल आणि पोटातल्या पापासकट नरकात जाईल, म्हणून मी गोड बोलले. भट्टीत घालताना प्रत्येक भाकरीला मी तेच सांगितलंय. आणि अजूनही मला तेच हवं आहे. मोठं मन म्हणे!"

"अरे देवा," उजवीकडून मोझेशम्हातारा म्हणाला, "मी तर खाल्ली की!"

"भाकरीला काही झालेलं नाही, बसा," पाळक म्हणाले, पण त्यांनी स्वतः एकदा कापडाकडे बघितलं.

पिरोश्का खाली बसली. बोरिशबाईनं तिचा हात सोडला होता. म्हातारी गुडघे धरून उठली आणि सुनेच्या जागी पहिली मेजाशी गेली. तिच्यामागून बाकीच्या बायका. मेजाभोवती सगळं गाव वळसा घालून आलं, आणि दोन बाकांवर दोन माणसं तेवढी राहिली, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

*

जी भाकर मोडली जात नाही ती पाळीच्या घरी परत जाते. पिरोश्का ती काखेत धरून बाहेर आली, दुसऱ्या कडेवर शारी. अंगणात लोक घोळक्यानं उभे होते आणि मुद्दाम हवेबद्दल बोलत होते. लोरिंत्स फाटकापाशी एकटा होता. ती सरळ त्याच्याकडे गेली. बोरिशबाई मागून लंगडत आली.

"मी माफ केलेलं नाही," पिरोश्का म्हणाली.

"माहीत आहे."

"करीन की नाही, सांगता येत नाही. करावंसं वाटत नाही."

"बरं."

"काय बोलला तो शेवटी?"

लोरिंत्सनं म्हातारीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "'धर' म्हणाला. 'लोरिंत्सकाका, धर.' एवढंच."

बोरिशबाईच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तिनं आईची हाक ऐकायची तयारी केली होती, बायकोची ऐकायची केली होती. पोरानं त्यालाच हाक मारली होती, ज्याच्या हातात साखळी होती.

"आणि?" पिरोश्का म्हणाली.

"आणि मी नाही धरली."

तिला तो शब्द आरोनच्या आवाजात ऐकू आला. गाय उधळली की तो असाच ओरडायचा, धर, धर गं, आणि ती हसत पळायची. तिनं शारीला थोडं वर सरकवलं.

"सात आठवड्यांनी, पेंटेकॉस्टच्या सणाला, पुन्हा मेज मांडतील. त्याच्या आधी घरी या. आई पण असतील. अगदी पहिल्यापासून सांगायचं, सकाळी कितवा पेला प्यायलात तिथपासून. मी मध्ये बोलणार नाही, दूध देणार नाही. तुम्हाला सांगताना किती दुखतं ते मला बघायचंय."

"येईन."

"येताना भीती वाटेल तुम्हाला. वाटू दे."

लोरिंत्सनं मान हलवली. शारीला भाकरीचा वास लागला होता. तिनं वाकून दोन्ही हातांनी कडेचा एक तुकडा उपटला, तोंडात घातला, ओला करून बाहेर काढला आणि आपल्या सवयीप्रमाणे समोर जो माणूस होता त्याच्यापुढे धरला. लोरिंत्सचा हात अर्धा उठला आणि तिथेच थांबला. त्यानं पिरोश्काकडे पाहिलं.

पिरोश्कानं शारीची इवली मूठ आपल्या मुठीत घेतली आणि हळूच मागे आणली.

"अजून नाही, शारी," ती म्हणाली, आणि तो तुकडा पोरीच्याच तोंडात घातला.